लाइट गेली की कान

भिवंडीत आमच्या आळीत राहून गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिचा कान कानकाकांनी एकदा तरी धरलेला असणारच. शिक्षा म्हणून नव्हे हो! शिक्षा करणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून त्यांनी शिपायालाही कधी ‘अरे’ म्हटलं नाही, असं माझे वडील सांगायचे. काका कान धरायचे ते बुजलेली भोकं उघडायला, चिडलेल्या पाळ्या शांत करायला आणि रुसून बसलेली कानातली पुन्हा जागच्या जागी बसवायला. त्यांना खरं नावही होतं, पण त्या नावाची पाटी पडून दाराआड गेली होती आणि ती पुन्हा लावायची गरज कुणालाच वाटली नव्हती. नवा पोस्टमनसुद्धा ‘कानकाका कुठे राहतात?’ असंच विचारत यायचा. ते डॉक्टर नव्हते, वैद्य नव्हते, आणि सोनार तर मुळीच नव्हते. सोनार म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “सोनाराचं काय जातंय? भोक पाडलं, गूळ-खोबरं घेतलं, निघाला. पुढे ते भोक सांभाळायचं कुणी? ते जन्माचं काम आहे.”

माणसांना ते चेहऱ्याने ओळखतच नसत. माझी आई समोरून ‘काय काका, बरं आहे ना?’ म्हणत आली तर हा माणूस परक्या बाईकडे बघावं तसा बघायचा. आईने मान वळवली की मग एकदम, “अहो वहिनी तुम्ही होय! उजवी पाळी जरा ओघळलीय हं, वजनदार काही घालू नका.” लग्नसमारंभात ते बायकांच्या रांगेमागे उभे राहून सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायचे, आणि नवख्या माणसाला वाटायचं हे गृहस्थ असे पाठीमागून काय बोलतायत! एकदा कुणा पाहुण्याने त्यांना या कारणावरून हटकलंसुद्धा. तर काका त्यालाच म्हणाले, “तुमचेही लहानपणी टोचलेले दिसतायत. बुजू दिलेत. अरेरे.” आणि ते अगदी मनापासून हळहळले.

माझं आणि त्यांचं नातं जुळलं ते माझ्या डाव्या कानामुळे. बाराव्या दिवशी सोनार कान टोचायला आला तेव्हा मी म्हणे ऐन वेळी मान झटकली. झालं! पुढचं भोक एका जागी आणि मागचं दुसऱ्याच गावाला. कुडी पुढून घातली की मागे वाटच सापडायची नाही. काढून ठेवली की दोन दिवसांत बुजायचं, जबरदस्ती केली की पिकायचं, पिकलं की आई ओरडायची आणि आई ओरडली की मी कान घेऊन समोरच्या ओट्यावर. काकांनी पहिल्यांदा माझी पाळी उजेडाकडे धरून पाहिली आणि ते इतके खूश झाले की विचारू नका. “वा! तिरपं आहे!” म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची ‘तिरपी’. आई-बापांनी हौसेने ठेवलेलं नाव त्यांनी पुढे एकदाही उच्चारलं नाही.

त्यांचं सगळं सामान एका चपट्या पत्र्याच्या डब्यात मावायचं. खोबरेल तेलाची बाटली, हळदीची पुडी, कापूस, एक भिंग आणि काड्या. काड्या कडुनिंबाच्या. पानांच्या देठांच्या मधल्या शिरा वाळवून, काचेच्या तुकड्याने तासून, तेलात मुरवून ठेवलेल्या. केसाएवढ्या बारीक काडीपासून उदबत्तीच्या काडीएवढ्या जाडीपर्यंत त्यांचे सात नंबर होते आणि प्रत्येक नंबराच्या जुडीला वेगळ्या रंगाचं सूत बांधलेलं. सुताला भिवंडीत काय तोटा! शेजारच्या कारखान्यात लूमखाली, म्हणजे विजेच्या मागांखाली, रंगीबेरंगी धाग्यांचा खच पडलेला असायचा. काडी आधी मागच्या भोकातून घालायची, ती पुढे डोकावली की तिला कुडीची दांडी टेकवायची आणि काडी हलके हलके मागे ओढत कुडीला आत घेऊन जायचं, ही त्यांची पद्धत. “तिला वाट दाखवणारं कुणीतरी पुढे चालायला हवं,” असं ते कुडीबद्दल म्हणायचे. इमिटेशनच्या दागिन्यांवर मात्र त्यांचा भारी राग. “खोटं कानातलं घालण्यापेक्षा खराट्याची काडी घाला. ती निदान खरी असते.”

आता त्यांचा तो जगप्रसिद्ध नियम सांगते. काकांच्या घराची एक भिंत आणि चाचींच्या कारखान्याची भिंत एकच होती. चाची म्हणजे शेजारच्या कारखान्याच्या मालकीणबाई, त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. चोवीस लूम दिवसरात्र खटाखट चालायचे. काकांच्या फळीवरच्या कपबशा त्या हादऱ्याने इंचाइंचाने पुढे सरकायच्या आणि काका दर तासाला उठून त्यांना मागे ढकलायचे. अशा थरथरत्या घरात नाजूक काम कसं करायचं? म्हणून काकांचा नियम असा की लाइट गेली, लूम थांबले, की मगच कानाला हात लावायचा. एरवी कुणी कितीही गयावया केली तरी “भिंत हलतेय, हात हलेल, पाळी फाटेल” हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे साऱ्या भिवंडीत लाइट गेली की लोक वीजवाल्यांच्या नावाने शंख करायचे आणि आमच्या आळीतल्या पोरी मात्र “गेली, गेली!” म्हणत कान घेऊन पळत सुटायच्या. काका आधीच ओट्यावर येऊन बसलेले. आम्ही रांगेने बसायचं. चाचींच्या तीन मुलींच्या कानांना कडेने सहा सहा भोकं, त्यामुळे काकांचा त्यांच्यावर विशेष लोभ. “अब्बा, पहले मेरा करो,” असं धाकटी त्यांच्या पाठीवर लोंबकळून म्हणायची. त्यांना अब्बा म्हणणारी दुनियेत ती एकटीच.

दुसरा नियम आणखी अजब. कान त्यांच्या हातात असेपर्यंत आपण बोलत राहायचं. “बोललं की पाळी सैल पडते,” हे त्यांचं शास्त्र. गप्प बसणाऱ्या पोरीच्या कानाला ते हातच लावत नसत. काय बोलायचं ते सांगायची सोय नव्हती. सकाळी काय जेवलीस, बाईंनी कुणाला बाकावर उभं केलं, आत्याचं आणि आईचं कशावरून वाजलं, काहीही चालायचं. आमच्या आळीतल्या सगळ्या घरांची सगळी गुपितं त्या ओट्यावर फुटली, ती निव्वळ पाळ्या सैल पडाव्यात म्हणून. आणि काम अर्ध्यावर असताना लाइट आली, लूम धडधडायला लागले, की काका डबा मिटायचे. “चला. राहिलेला उद्या.” एका कानात रिंग आणि दुसऱ्या कानात पिवळ्या सुताची काडी घेऊन आम्ही घरी. माझ्या चुलतबहिणीला बघायला पुण्याहून मंडळी आली तेव्हा ती नेमकी अशीच एककानी अवस्थेत पोहे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईला वाटलं हा देवीचा काहीतरी नवस असावा, तिने चक्क हात जोडले. लग्न जमलं. काका त्याचं श्रेय काडीला द्यायचे.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. आईने काकांकडे वाटीभर खीर देऊन पाठवलं होतं. भर दुपार, लूम जोरात. आत पाहते तर दिघाशीहून आलेल्या एक मावशी आपल्या लेकीला घेऊन बसलेल्या आणि रडकुंडीला आलेल्या. लेकीने जत्रेतली खोटी झुमकी घातली होती, कान सुजले, आईने झुमकी काढून टाकली, सूज उतरली आणि तोवर भोकं बुजली.

“सांच्याला हळद हाय वो काका,” मावशी लूमच्या वर आवाज काढून ओरडत होत्या. “तीनची गाडी धरायची हाय. मामानं कुड्या केल्यात. त्या कानात दिसल्या न्हाय तं त्यो मांडवात पाय न्हाय ठेवायचा!”

“लाइट गेली की करतो,” काका ओरडले.

“ती कदी जाल?”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. कपबशा सरकत होत्या. मग त्यांनी त्या पोरीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी चाललं होतं. काकांनी डबा ओढला. बारीक काडी तेलात बुडवली, मागून घातली, पुढे काढली, तिच्यापाठी कुडी, फिरकी. दुसरा कान. तसंच. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं असेल. पोरीने ‘आई गं’सुद्धा केलं नाही. हात हलला नाही, पाळी फाटली नाही, चोवीस लूम धडधडत होते आणि मामाच्या दोन्ही कुड्या कानात! मावशींनी काकांच्या पायावर डोकं ठेवलं आणि लेकीला ओढत तीनच्या गाडीला पळाल्या.

मग खीर ठेवायला मी वळले आणि काकांना माझा डावा कान दिसला. म्हातारा असा काही ओशाळला की बस. “तिरपे,” म्हणाले, “हे कुणाला सांगू नकोस हं.”

मी? आणि सांगणार नाही? त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी कानात काडी घालून कोळीनृत्य केलं होतं, कशामुळे? तर लाइट गेली नव्हती म्हणून! पोरी खी खी हसल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं या माणसाने आम्हाला ताटकळत ठेवलं, उद्या ये, परवा ये, आणि येतंय की सगळं! माझ्या तोंडाला फिरकी कधी नव्हतीच. दिवेलागणीच्या आत साऱ्या आळीत झालं, की काकांना लूम चालू असतानाही जमतं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून ज्याला सवड होईल तो यायला लागला. कुणी शाळेत जाता जाता, कुणी दळण टाकायला जाता जाता. चाची स्वतः मधल्या मुलीला हाताला धरून आणायच्या, “भाईसाब, जरा जल्दी, हंडी चढ़ी है.” काका नाही कसं म्हणणार? त्यांचं बिंग फुटलं होतं. ते मुकाट्याने काडी घालायचे, कुडी घालायचे, फिरकी लावायचे. एक मिनिट. लूमच्या आवाजात बोलायचं काय आणि ऐकायचं काय, त्यामुळे बोलायचा नियमही आपोआप गेला. सगळ्यांची सोय झाली. मला तर मोठी समाजसेवा केल्यासारखं वाटत होतं.

तीन-चार आठवडे गेले असतील. खिरीची वाटी काकांकडेच राहिली होती, ती आणायला आईने पिटाळलं. मी रस्ता ओलांडते आहे तोच लाइट गेली. लूम थांबल्यावरची शांतता बाहेरच्या माणसाला समजायची नाही. भिवंडीकराच्या ती अंगावर येते. इतका वेळ आपण आवाजाला रेलून उभे होतो आणि कुणीतरी तो काढून घेतला, असं होतं. लांब कुठेतरी हातपंपाचा दांडा वाजत होता तोही ऐकू आला. ओट्यावर काका बसले होते. पुढे डबा उघडा, भिंग पुसून ठेवलेलं, सातही जुड्या ओळीने मांडलेल्या. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं.

“आलीस?” ते एकदम सरसावून बसले. “बुजलं का?”

“नाही काका. वाटी न्यायला आले.”

“अच्छा, वाटी.” ते आत गेले. वाटी लख्ख घासून ठेवलेली होती. वाटी रिकामी परत करायची नसते हे त्यांना काकूंनी शिकवलेलं, म्हणून त्यांनी डब्यातली चमचाभर साखर तिच्यात घातली. काकूंना जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. मूलबाळ नव्हतं. मी वाटी घेऊन वळले, तेवढ्यात ते बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, डब्याशी बोलावं तसं.

“तिची बोटं आखडलेली होती. फिरकी धरता यायची नाही. रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी मी लावून द्यायचो. वीस वर्षं. आणि ती बोलायची, बाप रे काय बोलायची! लूमच्या आवाजात मला निम्मं कळायचं नाही, मी आपला हूं हूं करायचो.” मग म्हणाले, “अजून लूम चालू असले ना, की मी समजतो ती आत काहीतरी बोलतेय. आवाजात ऐकू येत नाही इतकंच. लूम थांबले की मग कळतं गं. कुणी बोलत नाहीये.”

मी पंधरा वर्षांची. अशा वेळी काय बोलावं ते मला आजही समजत नाही, तेव्हा काय समजणार! एवढं मात्र समजलं की मी या माणसाचं फार मोठं नुकसान केलंय आणि ते एका संध्याकाळी, हसत हसत केलंय. रडू यायला लागलं. मी वाटी ओट्यावर ठेवली, त्यांच्याकडे पाठ करून डाव्या कानातली रिंग काढली आणि मुठीत धरून पुढे केली.

“काका, जात नाहीये. बुजलंय वाटतं.”

काकांनी भिंग घेतलं. माझी पाळी उजेडाकडे धरली. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत रिंग असलेलं ते भोक, त्यातून पलीकडची आळी दिसत असेल. बराच वेळ पाहून ते गंभीरपणे म्हणाले, “हो गं. चांगलंच बुजलंय. बस खाली.” आणि मग म्हणाले, “बोल.”

मी बोलले. बाप रे, काय बोलले! बीजगणिताच्या बाईंपासून सुरुवात केली ती आजोळच्या म्हशीपर्यंत गेले. काकांनी एक नंबरची काडी घातली, दोन नंबरची घातली, अशा साती घातल्या. लाइट यायला पाऊण तास लागला. लूम सुरू झाले तेव्हा काकांनी रिंग अडकवली आणि डबा मिटला.

त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत लाइट गेली आणि मी ओट्यावर गेले नाही, असं फारसं झालं नाही. बाकीच्या पोरींनाही मी दमात घेतलं, “काकांचा हात परवा हलला, एकीची पाळी थोडक्यात वाचली,” अशी धडधडीत थाप मारून. चाचींची धाकटी हुशार. ती माझ्याकडे बघून नुसती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून लाइट गेली की “अब्बा, मेरा छठा वाला बंद हो गया,” करत हजर. अशा आम्ही पाच-सात जणी. ओटा पूर्वीसारखा गच्च भरला नाही, पण रिकामाही राहिला नाही. काकांना सगळं कळत होतं. आम्हाला कळतं हे त्यांना कळतं, हेही आम्हाला कळत होतं. पण त्यावर कधी कुणी अवाक्षर काढलं नाही.

माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाचा चेहरा पाहिलाच नाही. पाठीमागून जाऊन कान पाहून आले आणि मला हळूच म्हणाले, “पाळी चिकटलेली आहे. हट्टी असेल. पण तूही काही कमी नाहीस.” निघताना त्यांनी काड्यांची एक जुडी माझ्या ओटीत घातली. “डावा सांभाळ. तो माझ्याशिवाय कुणाला कळायचा नाही.”

सासर कल्याणला. कल्याण म्हणजे काही विलायत नव्हे, एस.टी.ने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तरी मी गेले नाही, हे लपवून काय उपयोग? सुरुवातीला माहेर होतं तोवर सणावारी फेरी व्हायची. मग आईवडील भावाकडे ठाण्याला गेले, घर सोडलं, आणि भिवंडीला जायला कारण उरलं नाही. म्हणजे काका होते, पण ते मी कारण धरलं नाही. चाचींच्या मुली लग्न होऊन मुंब्र्याला, मालेगावला गेल्या. नव्या पोरींसाठी ब्युटी पार्लरं निघाली. तिथे बंदूक लावल्यासारखं यंत्र लावून एका टिचकीत कान टोचतात, दाबून बसवायची कानातली मिळतात, फिरकीची कटकट नाही. काकांना हे कळलं तर काय म्हणतील, असं मनात येऊन मला हसू यायचं. मग मी कामाला लागायचे.

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आणि जुन्या शाळेतून एक दाखला हवा म्हणून भिवंडीला जाणं झालं. दाखला अकरालाच मिळाला. पाय आपोआप आळीकडे वळले. काका ओट्यावर होते. भिंतीला पाठ लावून, पुढे डबा उघडा. लूम तर धडधड चालू होते! मला नवल वाटलं. “काका!” मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. वरच्या खिडकीतून चाचींनी डोकं बाहेर काढलं, “बेटी, उनको सुनाई नहीं देता अब. दो साल हो गए.”

दुनियेचे कान सांभाळणाऱ्या माणसाचे स्वतःचे कान गेले होते. मी समोर जाऊन बसले. त्यांनी अर्थातच ओळखलं नाही. मी मान वळवली. त्यांची बोटं आली, पाळीवरून फिरली, पुढचं भोक, मागचं भोक. “तिरपी!” केवढ्यांदा ओरडले! बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

मी जोरजोरात बोलायला लागले तर म्हणाले, “ओरडू नकोस, पाळी ताणली जाते.” मग स्वतःच सांगायला लागले. “एका परीने बरं झालं. आता ती दिवसभर बोलते. मला ऐकू येत नाही इतकंच. पण पाठ आहे ना अजून. पाठीला भिंत थांबलेली कळते. ती थांबली की...” त्यांनी भिंग पुसायला घेतलं. “म्हणून आता सकाळपासूनच मांडून बसतो. लाइट गेल्यावर पोरी आल्या आणि मी आत असलो तर ऐकू येणार नाही. परत जायच्या.”

मी डब्यात पाहिलं. काड्यांच्या सुतावर धूळ होती. किती दिवस ओट्यावर कुणी आलं नव्हतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं आणि मला ऐकायचं नव्हतं. मी डाव्या कानातली कुडी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटाने कान दाखवला.

त्यांनी भिंग लावलं. “बुजलंय,” म्हणाले. “चांगलंच बुजलंय.” मग मागे हात नेऊन तळवा भिंतीवर ठेवला आणि मान हलवली. “चालू आहेत. लाइट जाऊ दे, मग करू. बसतेस ना?”

बसले. तो माणूस लूम चालू असताना वीस आकड्यांत दोन्ही कुड्या घालतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी पाहिलंय हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघं लाइट जायची वाट बघत बसलो. मी सगळं सांगितलं: नवरा, मुलगी, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, नोकरी. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत अधूनमधून हूं हूं करत होते. एकदा उठून आत गेले, कपबशा मागे ढकलून आले. चाचींनी वरून चहा पाठवला. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. जन्मभर दिवसातून दोनदा जाणारी ती मेली लाइट त्या दिवशी काही गेली नाही.

पाच वाजता मी घड्याळ दाखवलं. मुलगी शेजारी ठेवली होती. काकांनी मान डोलावली, तीन नंबरची काडी निवडून माझ्या कानात घातली आणि कुडी कागदाच्या पुडीत बांधून दिली. “उद्या ये. उद्या नक्की जाईल.”

“येते,” मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांवरून ते बरोबर ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणच्या घरात आरशासमोर उभी राहून मी काडी काढली आणि कुडी घातली. तिरप्या वाटेने गुपचूप गेली. मग मुलीचा डबा भरला, नवी नोकरी होती, शाळेत गेले. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ असं मी किती वेळा म्हटलं ते माझं मला माहीत.

चाचींची धाकटी मला कल्याणच्या बाजारात भेटली ती पुढच्या वर्षी. कडेवर पोर, कानात अजून सहाच्या सहा बाळ्या. “अब्बा गए,” ती म्हणाली. दुपारी, ओट्यावरच, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. डबा पुढे तसाच होता. चाचींना वाटलं डुलकी लागलीय, म्हणून चहा निवेपर्यंत कुणी उठवलं नाही.

मला एकच विचारायचं होतं. “लूम चालू थे?”

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिला समजलं. तीही त्या ओट्यावर बसलेली होती. “हाँ,” ती म्हणाली. “सब चालू थे.”

आम्ही दोघी भर बाजारात उभ्या राहून रडलो. नंतर तिच्या पोराने हात लांब करून माझी डाव्या कानातली कुडी ओढली, फिरकी निसटून कुठेतरी पडली, आणि आम्ही वाकून ती शोधायला लागलो.